आधी विहीर मोजा, मग मोटार घ्या

उन्हाळ्यात विहीर आणि बोअरची पत्रं वाढतात, आणि निम्म्याहून अधिक पत्रांत शेवटचं वाक्य ठरलेलं असतं : ‘किती एचपीची मोटार घेऊ?’ हिशेबात एचपी सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी पाण्याची मे महिन्यातली पातळी, टाकीची उंची, पाइपाची लांबी-व्यास आणि विहिरीला तासाला येणारं पाणी एवढं कळवाल तर उत्तर नेमकं देता येतं. या वेळी ज्यांनी ते कळवलं, त्यांना आधी घेतलं आहे.

प्रश्न : आमची विहीर जांभ्यातली, ४० फूट खोल, १० फूट व्यासाची. पावसाळ्यात पाणी जमिनीपासून १० फुटांवर असतं, मे अखेरीस ३५ फुटांवर जातं. काठावर १ एचपीचा मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकाच अंगात) बसवला आहे. शिमगा झाला की तो पाणी उचलेनासा होतो. घर विहिरीपासून ३५ मीटरवर आणि ४ मीटर चढावर आहे. गच्चीवरच्या टाकीचं तोंड घराच्या जमिनीपासून ९ मीटर उंच. दुकानदार म्हणतो दीड एचपीचा मोनोब्लॉक घ्या. घ्यावा का? (देवरुख)

उत्तर : नको. दीड काय, पाच एचपीचा घेतलात तरी मे महिन्यात तो पाणी उचलणार नाही. काठावरचा पंप पाणी ‘ओढतो’ असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो पाइपातली हवा कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब फार तर १०.३ मीटर पाणी तोलतो. फूटवॉल्व्हचा (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाला बसवलेल्या झडपेचा) अडथळा, पाइपाचं घर्षण आणि सांध्यांतून शिरणारी थोडी हवा वजा केली की हाती ६ ते ७ मीटर उरतात, म्हणजे २०-२२ फूट. तुमचं पाणी शिमग्याच्या सुमाराला नेमकी ही रेघ ओलांडतं. मोटारीची ताकद वाढवून हवेचा दाब वाढत नाही.

दोन वाटा आहेत. विहिरीत २० फुटांवर चौथरा किंवा लोखंडी फळी घालून मोनोब्लॉक खाली उतरवायचा, ही जुनी वाट. कोकणात ती फसते, कारण पहिल्या मोठ्या पावसात पाणी एका रात्रीत चढतं आणि मोटार बुडते. दुसरी वाट म्हणजे ओपनवेल सबमर्सिबल, जी पाण्यातच राहते आणि ढकलण्याचं काम करते. तुम्हाला हीच योग्य.

आता हिशेब. मे महिन्यातली पातळी १०.७ मीटर, चढ ४, टाकी ९, मिळून २३.७ मीटर. पाइपाची एकूण लांबी बाक धरून ६० मीटर होईल. मिनिटाला ५० लिटर पाणी हवं असेल आणि पाइपाचा आतला व्यास ३५ मिलिमीटर असेल (बाजारात ४० मिमी एचडीपीई मागा), तर घर्षणात १.७ मीटर जातात. बेंड आणि व्हॉल्व्ह धरून २.३ म्हणा. एकूण हेड, म्हणजे घर्षण धरून पंपाला पाणी जितकं चढवावं लागतं ती उंची, २६ मीटर. आतला व्यास २५ मिमीचा, म्हणजे एक इंची पाइप टाकलात, तर तेवढ्याच पाण्याला घर्षणात साडेआठ मीटर जातील. पाइपात वाचवलेले पैसे पुढे दर महिन्याला विजेच्या बिलातून भरावे लागतात.

५० लिटर पाणी मिनिटाला २६ मीटर चढवायला पाण्यात जाणारी शक्ती २१२ वॅट. छोट्या पंपाची कार्यक्षमता ४५ टक्के धरली तर दांड्यावर ४७० वॅट लागतात, म्हणजे साधारण ०.६३ एचपी. पाऊण एचपी पुरेल. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर १ एचपी घ्या. त्यापुढे नको.

खरेदी करताना पाटीवरचं ‘कमाल हेड’ पाहू नका, ती पंपाची अशी अवस्था आहे जिथे पाणी शून्य येतं. ‘हेड रेंज’ पाहा. तुमच्या विहिरीत पावसाळ्यात पातळी साडेसात मीटरने वर येते, म्हणजे तेव्हा एकूण हेड १८-१९ मीटरच राहतं. रेंज १५ ते ३२ मीटर अशी असेल तर दोन्ही ऋतू तिच्यात बसतात. २५ ते ४५ मीटरचा पंप घेतलात तर मे महिन्यात तो छान चालेल आणि जुलैत जास्त पाणी फेकत, जास्त करंट घेत, गरम होऊन ओव्हरलोडला ट्रिप होईल. ‘पाणी भरपूर आहे तरी मोटार जळली’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. तसा पंप गळ्यात पडलाच असेल, तर काठावरचा गेट व्हॉल्व्ह पावसाळ्यात थोडा आवळून ठेवा. ओपनवेल संचासाठी आयएस १४२२० हे मानक आहे, ते पाटीवर असावं.

बसवताना चार गोष्टी. पंप तळावर टेकवू नका, एक फूट उंचीच्या स्टँडवर ठेवा, नाहीतर जांभ्याचा तांबडा गाळ आत जातो. पंप नायलॉनच्या दोराने किंवा स्टेनलेस तारेने टांगा, केबलने कधीही नाही. पाइप बाहेर पडतो तिथे एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) हवा. मोटारीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग हवंच हवं. कुणी विहिरीत उतरणार असेल तर स्टार्टर बंद करून भागत नाही, फ्यूज काढून उतरणाऱ्याच्या खिशात द्या.

राहिला विहिरीचा प्रश्न. १० फूट व्यासात प्रत्येक १० सेंटिमीटर पाणी म्हणजे ७३० लिटर. मे महिन्यात एकदा पातळी मीटरभर उतरवा, मोटार बंद करा आणि तासाने ओळंब्याने मोजा. १५ सेंटिमीटर चढलं तर झऱ्यांची आवक तासाला ११०० लिटर आहे. पंप तासाला ३००० उपसतो. म्हणून एकदम सगळं न उपसता सकाळी २० मिनिटं आणि संध्याकाळी २० मिनिटं चालवा, दोन हजार लिटर मिळतील आणि पंप उघडा पडणार नाही. जुना मोनोब्लॉक विकू नका. श्रावणात ओपनवेल दुरुस्तीला वर काढली तर तोच कामाला येतो.

प्रश्न : नवीन बोअर ३०० फूट घेतलं, साडेसहा इंची. १८० फुटांवर पाणी लागलं. गाडीवाल्याने ‘दोन इंच पाणी’ सांगितलं. सध्या पाणी ६० फुटांवर उभं आहे. घरात पाच माणसं, दोन गाई. टाकी ७ मीटर उंचीवर. शेजाऱ्यांकडे २ एचपी आहे, आम्हीही तीच घ्यावी असं सगळ्यांचं म्हणणं पडतं. (पारनेर)

उत्तर : शेजाऱ्याच्या बोअरवरून तुमची मोटार ठरत नाही. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून येतं. पन्नास फुटांवरच्या दोन बोअरना दोन वेगळ्या भेगा लागलेल्या असतात.

‘इंच पाणी’ हे माप व्ही आकाराच्या काटकोनी खाचेतून वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीचं आहे. गंमत अशी की दोन इंच म्हणजे एका इंचाच्या दुप्पट नाही. प्रवाह उंचीच्या अडीचाव्या घाताने वाढतो. एक इंच म्हणजे तासाला सुमारे ५०० लिटर, दीड इंच सुमारे १४००, दोन इंच सुमारे २९००, तीन इंच जवळपास ८०००. खाच न लावता नुसता फवारा पाहून सांगितलेल्या ‘दोन इंचां’ना काही अर्थ नाही, आणि फ्लशिंगच्या (खणून झाल्यावर हवेने बोअर धुण्याच्या) वेळचं पाणी तसंही भेगांत साठलेलं असतं. भाड्याचा पंप लावून चार तास सलग चालवा, दर १५ मिनिटांनी २०० लिटरचं पिंप किती सेकंदांत भरतं ते लिहा, आणि शेवटच्या तासात स्थिर राहिलेला आकडा खरा माना. ही चाचणी दिवाळीत केली असेल तर मे महिन्यासाठी त्याचं अर्धं धरा.

समजा तासाला १८०० लिटर, म्हणजे मिनिटाला ३० लिटर टिकाऊ मिळतं. पाच माणसांना माणशी १३५ लिटरप्रमाणे ६७५, गाई आणि इतर वापर धरून हजार लिटर झाले. ते ३३ मिनिटांत चढतं. चालू पंपावर पाण्याची पातळी २०० फुटांपर्यंत (६१ मीटर) उतरेल असं धरा. टाकी ७, घर्षण २, एकूण ७० मीटर. पाण्यात जाणारी शक्ती ३४३ वॅट. पंपाची कार्यक्षमता ४५ ते ५० टक्के असेल तर दांड्यावर ६९० ते ७६० वॅट. हा झाला १ एचपी. दुकानात ‘७० मीटरला मिनिटाला ३० लिटर देणारा चार इंची सबमर्सिबल, आयएस ८०३४’ असं सांगा. स्टेज (एकावर एक बसवलेले इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारी चाकं) किती ते कंपनीच्या तक्त्यात या दोन आकड्यांवरून निघतं.

२ एचपी बसवली तर ती याच हेडला मिनिटाला साठाच्या आसपास लिटर मागेल, तासाला ३६००. बोअर तेवढं देत नाही. पातळी पंपापर्यंत उतरेल, पंप हवा ओढेल, पाण्यावरच घासणारे बेअरिंग कोरडे पडतील. उन्हाळ्यात ‘मोटार गेली’ म्हणून वर काढलेल्या कित्येक मोटारी फार मोठ्या असतात. १ एचपीलाही ड्राय रन प्रोटेक्शन असलेली, म्हणजे पंप कोरडा चालू लागला की बंद करणारी पेटी लावाच.

पंप किती खोल सोडायचा? २४० फूट पुरे. तळाशी सोडू नका, तिथे दगडाची भुकटी बसते. तुमच्या बोअरमध्ये आणखी एक बाब आहे, जी बहुतेक फिटर सांगत नाहीत. पाणी १८० फुटांवरून येतं आणि पंप २४० वर आहे, म्हणजे पाणी वरून येऊन थेट पंपाच्या जाळीत शिरतं. मोटार जाळीच्या खाली असते. तिच्या अंगावरून पाणी वाहतच नाही आणि ती उभ्या पाण्यात तापत राहते. उपाय स्वस्त आहे. पाच इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा मोटारीवर बाहीसारखा चढवायचा, वरचं तोंड जाळीच्या वर बंद आणि खालचं मोटारीच्या खाली उघडं. मग पाण्याला मोटारीच्या कडेने वर यावंच लागतं. साडेसहा इंची बोअरमध्ये ही बाही बसते.

केबलवर काटकसर करू नका. पेटीपासून पंपापर्यंत ९५ मीटर धरा. मोटार ८ अँपिअर घेत असेल तर दीड चौरस मिमी तांब्याच्या केबलमध्ये १८ व्होल्ट जातात, अडीचमध्ये ११, चारमध्ये ७. सुरू होताना करंट चौपट असतो, तेव्हा दीडच्या केबलमध्ये सत्तरेक व्होल्ट वाटेतच संपतात. गावात २०० व्होल्ट येत असताना मोटारीला १३० मिळाले तर ती फिरणार कशी? मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. अडीच घ्या, मीटरपाशीच व्होल्टेज पडत असेल तर चार.

प्रश्न : बंगल्याच्या गच्चीवरची टाकी बाथरूमच्या शॉवरपेक्षा जेमतेम २ मीटर उंच. शॉवरला धार नाही. प्लंबर म्हणतो, बोअरची मोटार थेट प्रेशर टँकला जोडू, गच्चीवरची टाकी काढून टाकू. टँक २४ लिटरचा सांगितला आहे. गच्चीवर व्हॅक्यूम ट्यूबचा सोलर हीटरही आहे. (सातारा)

उत्तर : टाकी काढू नका. अमेरिकेत खेड्यातल्या घरांना विहिरीचा पंप, प्रेशर टँक आणि नळ अशी सरळ जोडणी असते. तिथे वीज सहसा जात नाही आणि पंपाला दर वेळी पाणी मिळेल याची खात्री असते. आपल्याकडे वीज गेली की नळ कोरडा पडेल, आणि बेसिनवर हात धुतले तरी शंभर-दोनशे फुटांवरची मोटार जागी होईल. बोअरने टाकी भरू द्या. दाबाचं काम टाकीनंतर बसवलेल्या वेगळ्या अर्ध्या एचपीच्या बूस्टरला द्या.

२ मीटर उंचीचा दाब ०.२ बार. शॉवर खुलायला १ बार तरी हवा. दोन शॉवर आणि स्वयंपाकघराचा नळ एकदम चालू धरले तर मिनिटाला ३० लिटर लागतात. प्रेशर स्विच १.२ बारला पंप सुरू आणि २.२ ला बंद करेल असा लावा. इथे दुकानात एक चूक हमखास होते. २.२ बार म्हणजे साधारण साडेबावीस मीटर. कमाल हेड २० मीटरचा बूस्टर दिला तर तो दाब तिथवर चढवूच शकत नाही, नळ बंद असतानाही घोंघावत राहतो आणि आतलं पाणी गरम होतं. कमाल हेड २८ मीटर किंवा जास्त हवं.

आता टँक. १०० लिटरच्या टँकमध्ये १०० लिटर वापरायचं पाणी असतं हा समज काढून टाका. आत रबरी पिशवी आणि तिच्याभोवती दाबलेली हवा असते. पंप बंद झाल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत मिळणारं पाणी तेवढंच खरं. तुमच्या १.२ ते २.२ च्या मांडणीत, हवा १.० बारला भरली असेल तर ते टँकच्या आकाराच्या २८ टक्के भरतं. २४ लिटरच्या टँकमधून सातही लिटर निघत नाहीत, म्हणजे एक फ्लश ओढला की पंप सुरू. पंप एकदा सुरू झाला की किमान मिनिटभर चालावा, हा साधा नियम. मिनिटाला ३० लिटरचा पंप असेल तर टँकमधून ३० लिटर निघाले पाहिजेत, म्हणजे टँक १०० लिटरचा. जागा नसेल तर ६० चा घ्या, पण २४ चा टँक फक्त पाइपातला धक्का शोषायला ठीक.

हवा भरण्याची रीत : वीज बंद करा, खालचा नळ उघडून दाब शून्यावर आणा, टँकच्या टोपीखालच्या व्हॉल्व्हला टायरचा गेज लावा आणि सायकलच्या पंपाने हवा भरा. प्रमाण, पंप सुरू होण्याच्या दाबापेक्षा ०.२ बार कमी. पाणी भरलेलं असताना गेज लावला तर तो पाण्याचाच दाब दाखवतो आणि टँक ठीक आहे असं वाटतं. हवा सुरू होण्याच्या दाबापेक्षा जास्त झाली तर पंप सुरू होण्याआधी नळाला क्षणभर खंड पडतो. कमी झाली तर पंप सारखा चालू-बंद होतो. सहा महिन्यांनी एकदा तपासा. व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर पिशवी फाटली आहे. रात्री कुणी नळ उघडला नसताना पंप सुरू होत असेल तर फ्लशची गळती किंवा एनआरव्ही शोधा. एनआरव्ही पंप आणि टँकच्या मध्ये हवा. प्रेशर स्विच टँकच्या बाजूला ठेवा, एनआरव्हीच्या अलीकडे नाही.

सोलरबद्दल प्लंबरने काहीच सांगितलं नाही याचं नवल वाटतं. व्हॅक्यूम ट्यूबचे घरगुती सोलर बहुतेक बिनदाबाचे असतात, त्यांची टाकी फक्त वरच्या टाकीच्या उंचीचा दाब सोसते. बूस्टरची लाइन त्यांना जोडली तर ट्यूबच्या रबरी रिंगा गळतात किंवा टाकी फुगते. आणि सोलर सोडून फक्त थंड पाण्याला बूस्टर दिला, तर मिक्सर उघडताच थंड पाणी गरम लाइनमध्ये उलटं घुसून सोलरच्या हवेच्या नळीतून गच्चीवर वाहतं. म्हणून सोलरच्या बाहेर पडणाऱ्या गरम लाइनवर, गरम पाणी सोसणारा दुसरा छोटा बूस्टर त्याच दाबाला लावायचा आणि दोन्ही लाइनवर एनआरव्ही घालायचा. हा खर्च नको असेल तर फक्त फ्लश आणि थंड नळांपुरता बूस्टर ठेवा आणि शॉवर मिक्सरच्या दोन्ही बाजू टाकीच्या उताराच्या दाबावर राहू द्या. इलेक्ट्रिक गिझरचा प्रश्न येत नाही, फक्त त्याच्या पाटीवरचा दाब वाचून घ्या आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जागेवर आहे का पाहा.

प्रश्न : किनाऱ्यापासून ३०० मीटरवर विहीर. दोन वर्षांपूर्वी मोठी मोटार लावल्यापासून एप्रिलमध्ये पाणी मचूळ लागतं. पंप बदलावा का? (मांद्रे, गोवा)

उत्तर : होय, पण लहान घ्या. किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची जितकी उंची, त्याच्या ४० पट खोलवर ते खाऱ्याला दाबून ठेवतं. उपशाने गोडी पातळी ३० सेंटिमीटर उतरली आणि तशीच राहिली, तर खालची खारी सीमा १२ मीटर वर येऊ पाहते. मोठी मोटार विहिरीत खड्डा पाडते आणि खारं पाणी त्या खड्ड्याखाली फुगून वर येतं. अर्धा एचपी घ्या, फूटवॉल्व्ह किंवा पंप पाण्याच्या वरच्या थरात टांगा, थोडं थोडं उपसा. पंपाचा दांडा आणि बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे मागा, ३०४ ला खाऱ्यात ठिपक्यांनी गंज चढतो. बिडाचे इंपेलर तर नकोच.

प्रश्न : चार महिने बंद असलेली सबमर्सिबल सुरू केली, पेटीत आवाज होतो, मोटार गुणगुणते, पाणी नाही. वर काढावी लागेल का? (चंदगड)

उत्तर : लगेच नाही. बटण सारखं दाबू नका, दर वेळी वाइंडिंग तापतं. आधी पेटीतला कपॅसिटर त्याच मायक्रोफॅरडचा नवा लावून पाहा. निम्म्या वेळा काम इथेच संपतं. नाही संपलं तर वीज बंद करून केबलच्या तिन्ही तारा पेटीतून सोडवा आणि दोन-दोन तारांमधला रोध मोजा. तीन आकडे मिळतील, सर्वांत मोठा आकडा बाकी दोघांच्या बेरजेइतका यायला हवा. येत नसेल तर वाइंडिंग किंवा केबलचा जोड गेला. नंतर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) तारा आणि अर्थ यांच्यातलं इन्सुलेशन पाहा. १ मेगओहमच्या वर असेल तर चांगलं, अर्ध्याच्या खाली असेल तर मोटार वर काढा. दोन्ही ठीक आणि तरी गुणगुणते, तर पंप गाळाने किंवा क्षाराने अडकला आहे. रन आणि स्टार्टच्या तारा आपसात बदलून दोन-तीन सेकंद उलट फिरवली की पुष्कळदा सुटतो. त्यानंतर तारा पूर्ववत लावायला विसरू नका, उलट फिरणारा पंपही थोडं पाणी देतो आणि फसवतो.